तिन्हीसांजेची रेघ

"दार लावून घे, गिरिजा. आणि एकदा लावलंस की मी सांगेपर्यंत उघडायचं नाही. मी म्हणजे मीच. तुझा महादेव आला तरी त्याला म्हणावं, बाहेर बाकावर बस."

नाडकर्णी बाई तळघराच्या जिन्याशी उभ्या होत्या. एक हात कठड्यावर, दुसरा दुखऱ्या गुडघ्यावर. इतकी वर्षं झाली, पण कुठलंही जड दार लावताना मला आधी त्यांचा तो आवाज ऐकू येतो, मग कडी.

"हो बाई."

"पाणी प्यायलीस?"

"आत्ताच प्यायले."

"परत पी. मग सूर्य बुडाला की तुझं सुरू होईल, पाणी नाही नि काही नाही. आणि आज मी तुला सातच्या आत बाहेर सोडणार नाही."

मी परत पाणी प्यायले. त्यांच्यासमोर भांडं रिकामं करून दाखवावं लागे.

माझा नेम संस्थेत सगळ्यांना माहीत होता. आम्ही गुरव. संगमेश्वराजवळच्या आमच्या गावात महादेवाच्या देवळाची पूजाअर्चा आमच्याकडे. गाभाऱ्यातली समई वडील, म्हणजे आप्पा, सांभाळत आणि घरातला तिन्हीसांजेचा दिवा आई. सूर्य मावळला की दिवा लावून, त्याच्यापुढे बसून जप होईपर्यंत ती पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. आई गेली त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. शेवटच्या दुखण्यात तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, "मी लावीन." तेव्हापासून तो नेम माझा. पुण्याला पीएचडीला आले तेव्हा एक पितळी निरांजन, फुलवाती आणि तुपाची डबी घेऊनच आले. प्रयोगशाळेत सगळीकडे पेटणारे द्राव, तिथं काडी ओढायची सोय नव्हती. म्हणून बाईंनी मला तळघरातल्या बाजूच्या खोलीतलं एक फडताळ दिलं होतं. तिथं द्राव नव्हते, नुसत्या जुन्या फायली आणि एक टेबल. उशीर झाला की मी तिथंच दिवा लावी.

"एवढं शिकून तू रोज त्या वातीपुढे काय बोलतेस गं?" बाई विचारत.

"काही नाही बाई. नाव घेते."

"मग माझंही घेत जा अधूनमधून. तेवढीच माझी वशिल्याची सोय."

त्या स्वतः कुठल्या देवळात जात नसत. गणपतीला घरोघरी प्रसाद खायला मात्र जात, आणि कुणाचे मोदक फाटले ते आठवडाभर सांगत.

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं.

आमचा पदार्थ दिसायला साधा होता. मिठासारखी पांढरी पूड. लोखंडाचा एकेक अणू आणि त्याच्याभोवती नायट्रोजनवाल्या रेणूंचं कोंडाळं. ही पूड खूप गार केली की जांभळी होई, जांभळाच्या सालीसारखी. आणि जांभळी झाली की तिच्यातलं चुंबकत्व नाहीसं होई. मला हे पहिल्यांदा समजावताना बाई म्हणाल्या होत्या, "पंगत डोळ्यांपुढे आण. गारठ्यात सगळे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं, एकमेकांकडे तोंड करून बसलेत. एकाचं चुंबकत्व दुसऱ्यानं खाल्लं. हिशेब शून्य. आता त्या पंगतीवर हिरवा उजेड टाक. काही जोड्या फुटतात, इलेक्ट्रॉन उठून एकेकटे बसतात. पूड पांढरी, चुंबकत्व जागं."

"आणि उजेड काढून घेतला की?"

"तीच तर गंमत. उजेड काढला तरी ते तसेच बसून राहतात. गारवा आहे तोवर. पुन्हा ऊब लागली की मगच जोड्या जुळतात."

मला ते फार आवडलं होतं. दिवा गेल्यावरही उजेड धरून ठेवणारी वस्तू. मी तसं म्हटलं तर बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि "हे प्रबंधात लिहू नकोस" एवढंच म्हणाल्या.

प्रबंध लिहून झाला होता. पण एका परीक्षकांनी शंका काढली होती. चुंबकत्व उजेडानंच जागं होतं कशावरून? ही पूड अंधारात नुसती पडून राहिली तरी आपोआप हळूहळू बदलत असेल. शंका रास्त होती. उत्तर एकच होतं. पूड गार करायची, काही तास मिट्ट अंधारात ठेवायची आणि चुंबकत्वाची रेघ त्या सगळ्या वेळात सपाट राहते हे दाखवायचं. रेघ जरा जरी आपोआप चढली, तर माझी चार वर्षं आणि बाईंची त्याच्या आधीची कितीतरी वर्षं पाण्यात. शिवाय बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी येणाऱ्या सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की त्यांचा विषय वेगळा आहे, मला नव्यानं सुरुवात करावी लागेल. नव्यानं सुरुवात करण्याइतकी शिष्यवृत्ती माझ्याकडे उरली नव्हती. मी सरळ गावाला जाऊन शाळेत शिकवायला लागले असते.

यंत्र गार करायला द्रव हेलियम लागे. ते दुसऱ्या एका संस्थेकडून उसनं मागून आणलं होतं. बाईंनी त्यासाठी कुणाकुणाला फोन केले ते मला माहीत होतं. टाकी परवा परत जायची होती.

"दोन दिवसांचं आहे," टाकी ढकलत आणणारी फिलोमिना म्हणाली. फिलोमिना वसईची, माझ्याबरोबरच पीएचडी करणारी. "एक दिवस तुझा, एक दिवस बिघडला तर. तिसरा नाही. तुझ्या महादेवाला सांगून ठेव, आणि वाटलं तर मी मेणबत्ती लावते आमच्याकडे."

"मेणबत्ती अजिबात नको," बाई म्हणाल्या. "या इमारतीत आज उजेडाचं नाव काढायचं नाही."

आदल्या दिवशी मी बाईंना हळूच विचारलं होतं, "बाई, मध्ये पाच मिनिटं बाहेर आले तर चालेल? तिन्हीसांजेला?"

"नाही."

"दार जरासंच उघडीन."

"गिरिजा, यंत्राच्या झाकणाचं रबर जुनं झालंय. बाहेरच्या बोळातला दिवा फटीतून आत गेला की संपलं. आणि तू उठलीस तर गारवा कोण सांभाळणार?"

ते खरं होतं. गारवा सारखा ठेवणारी कळ बिघडलेली होती. तोटी हातानं जराशी इकडे, जराशी तिकडे करत बसावं लागे. ते काम माझ्या हाताला जमलं होतं. पूड पुरेशी गार व्हायलाच दुपार होई, त्यामुळे अंधारातले तास नेमके तिन्हीसांजेवर येत. मी मनाशी ठरवलं, आज दिवा उशिरा लागेल. देवाला सांगून ठेवलं. पण आईला काय सांगायचं ते सुचलं नाही.

मी दार लावलं. आत लाल रंगाचा झिरोचा बल्ब, लाल उजेडानं पूड बदलत नसे म्हणून, तोसुद्धा टेबलाखाली, कागदावर रेघ ओढणारी पेन दिसण्यापुरता. पेनेची बारीक कुरकुर चालू होती. भिंतीतल्या भोकातून एक काचतंतू बाजूच्या खोलीत गेला होता, बोटाएवढा जाड, काळ्या रबरात गुंडाळलेला. उजेड द्यायची वेळ आली की तो त्यातून येणार. उजेडाचं यंत्र तापे आणि त्याचा पंखा घरघरे, म्हणून ते बाजूच्या खोलीतल्या टेबलावर. तिथंही आज लालच बल्ब. तंतूच्या तिकडच्या तोंडाशी हिरवी काच बसवलेली आणि त्यावर काळी टोपी. ती टोपी हे बाईंचं दैवत होतं. त्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात मोठा कागद चिकटवला होता: "टोपी लावली का?" फिलोमिनानं खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, "हो आई."

दुपार सरली. रेघ सपाट होती, इतकी सपाट की पट्टीनं ओढल्यासारखी. मी तोटीवर बोटं ठेवून बसले होते. भिंतीपलीकडून बाईंची चाहूल लागत होती. खुर्ची सरकली. काहीतरी पुसल्याचा आवाज. खोकला. मग शांत.

तळघरात सूर्य कळत नाही, पण मला कळतो. लहानपणापासून त्या वेळेला मन आपोआप उठून उभं राहतं. मी डोळे मिटले आणि नाव घ्यायला लागले. दिवा नाही, नुसतं नाव. घसा कोरडा पडला होता. आईचा चेहरा समोर आला आणि मी तोटीवरची बोटं जरा घट्ट धरली.

डोळे उघडले तेव्हा रेघ चढायला लागली होती.

अगदी थोडी. तांदळाच्या दाण्याएवढी. मला वाटलं लाल बल्बमुळे भास होतोय. मी कागदाजवळ वाकले. चढत होती. मी तोटी पाहिली, गारवा पाहिला. सगळं जागच्या जागी. आणि पेन आपली हळूहळू वर जात होती, कुणी न बोलावता. परीक्षक म्हणाले होते तसंच.

बराच वेळ ती चढली, मग थांबली आणि त्या नव्या उंचीवर पुन्हा सपाट झाली.

हाक न मारता मी तोटी सांभाळत बसले. शेवटी दारावर त्यांची टकटक ऐकू आली.

"गिरिजा, झाले तास. आता उजेड सोडते. रेघ कशी आहे?"

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही आत या."

"दार उघडू?"

"उघडा. आता काही फरक पडत नाही."

त्या आत आल्या. त्यांच्याबरोबर तुपाचा वास आला असं मला वाटलं. पण त्या वेळेला मला कुठंही तुपाचा वास आला असता. बाईंनी कागद उचलला, लाल उजेडात धरला, मग सरळ बोळातल्या दिव्याखाली घेऊन गेल्या. मी दाराशी उभी राहिले.

"आपोआप चढली, बाई. मी काही हलवलं नाही."

"हूं."

"मला वाटतं…" पुढचं बोलायला लाज वाटत होती, तरी बोलले. "आज माझा दिवा चुकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणून झालं हे."

बाईंनी कागदावरून नजर वर केली. मग पुन्हा खाली. रेघ जिथं चढायला लागली तिथं त्यांनी नख टेकवलं, जिथं थांबली तिथं दुसरं. मधलं अंतर त्या पाहत राहिल्या. मग चष्मा काढला.

"चुकला म्हणून नाही झालं, गिरिजा," त्या म्हणाल्या. "चुकला नाही म्हणून झालं."

मला कळलं नाही.

"दिवा लागला. मी लावला."

"तुम्ही?"

"तिकडं. टेबलावर. तुझ्या फडताळातलं निरांजन घेऊन."

मी बाजूच्या खोलीत गेले. टेबलावर माझं निरांजन होतं. वात जळून काळा ठिपका झालेला. पितळ अजून कोमट होतं. शेजारी एक जास्वंदीचं फूल, उलटं ठेवलेलं, पाकळ्या खाली, देठ वर. आणि निरांजनापासून वीतभर अंतरावर काचतंतूचं तोंड. हिरवी काच होती. टोपी नव्हती. टोपी बाईंच्या चष्म्याच्या घराशेजारी पडली होती.

भिंतीवरचा कागद आम्ही दोघींनी एकाच वेळी वाचला.

"काचेवर धूळ दिसली म्हणून पुसायला काढली," बाई म्हणाल्या. "तेवढ्यात छताजवळच्या खिडकीच्या झडपेतल्या फटीतून पाहिलं तर बाहेर मावळायला आलं होतं. म्हटलं, पोरीची वेळ झाली. गडबडीत काडीपेटी सापडेना. मग सापडली. टोपी राहिली."

"पण तो तर लगेच…"

"लगेच काय? तूच म्हणतेस ना, फुंकायचा नाही, आपोआप शांत होऊ द्यायचा? मग बसले. तू वातीला तूप तरी किती घालून ठेवतेस गं? संपेचना."

त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, त्या लाकडी स्टुलावर, एका निरांजनापुढे बसून राहिल्या होत्या. किती वेळ, ते कागदावर रेघ सांगतच होती.

"तुम्ही काय म्हणत बसलात त्याच्यापुढे?" मला राहवलं नाही.

"मी काय म्हणणार? पाढे म्हटले." त्या थांबल्या. "एकोणतीसच्या पाढ्यात अडकले."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बाईंनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि माठातून भांडं भरून माझ्यासमोर धरलं. "घे. दिवा झालाय. आता पी."

मी प्यायले.

मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळंच काही यायला लागलं. त्या परत कागदाकडे गेल्या. "गिरिजा, एका निरांजनाचा उजेड. हिरव्या काचेतून गाळून, एवढ्या लांब तंतूतून. तेवढासुद्धा हिनं घेतला. आणि दिवा शांत झाल्यावर धरून ठेवला. अगं, ही बघ, नंतर सपाट आहे, जराही उतरली नाही."

"म्हणजे आपोआप नाही."

"आपोआप कसलं? मी नाही का बसले होते?"

"मग परीक्षकांना एवढं पाठवलं तर चालेल?" मी आशेनं विचारलं. "चुकून बाहेरचा उजेड गेला असं लिहू."

बाईंचा आवाज एकदम शाळेतल्या बाईंसारखा झाला. "चुकून गेला नाही. मी लावला. टोपी राहिली ही माझी चूक, दिवा लावला ही चूक नाही. लिहायचं तर तसंच लिहायचं. उजेडाचं साधन: तुपाचं निरांजन, एक."

"लोक हसतील, बाई."

"हसू देत. हसत हसत वाचतील तरी." त्यांनी कागदाची नीट गुंडाळी केली. "पण शंकेचं उत्तर हे नाही. त्याला सपाटच रेघ हवी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ती उद्या. हेलियम तेवढं आहे. उद्याचा दिवस गेला तर मग मात्र माझ्या हातात काही नाही."

जिन्याकडे जाताना मी जे मनात होतं ते बोलून टाकलं. "बाई, उद्या दिवा नको. एक दिवस मी सोडते. परीक्षा संपली की प्रायश्चित्त घेईन. तुम्ही कशाला…"

"ते तुझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या.

"नेम माझा आहे, बाई."

"असेल. शब्द माझा आहे." एवढं बोलून त्या जिना चढायला लागल्या. एकेका पायरीवर आधी बरा पाय, मग दुखरा, दोन्ही पाय टेकले की मग पुढची. मधल्या वळणावर थांबून म्हणाल्या, "कुणाला दिलाय ते विचारू नकोस. जेवायला जा. फिलोमिनानं डबा ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ करून मी वसतिगृहासमोरच्या एसटीडी बूथवर गेले. गावात फोन एकच, एसटीच्या थांब्याजवळच्या दुकानात. दुकानदारांना आप्पांना बोलवायला सांगितलं आणि बाकावर बसून राहिले. पुन्हा फोन लावला तेव्हा आप्पा धापा टाकत बोलले, देवळातून तसेच आले होते.

"काय गो बाय, बरी आहेस ना?"

"बरी आहे, आप्पा. एक विचारायचं होतं. आजच्या दिवस दिवा सोडला तर चालेल का? यंत्राजवळून उठता येत नाही. आईला…"



"सोडतेस कशाला?" आप्पा म्हणाले. "तुझ्या बाई नाहीत तिथं?"

"आहेत."

"मग झालं तर. त्यांनी शब्द दिलाय मला."

"तुम्हाला? कधी?"

"तुला सोडायला आलो होतो, तेव्हा. तू खोली बघायला गेली होतीस त्या वसईच्या मुलीबरोबर. मी नारळ नि कोकमं दिली आणि म्हटलं, बाई, पोरीला ओरडा, उपाशी ठेवा, काय करायचं ते करा, पण तिन्हीसांजेचा दिवा तेवढा चुकू देऊ नका. तिच्या आईचा आहे. तर त्या हसल्या. म्हणाल्या, गुरव, माझा देवावर विश्वास नाही हो. मी म्हटलं, नसू दे. देवाचं मी बघतो. तुम्ही दिव्याचं बघा."

"मग?"

"मग काय. बसल्या जरा विचार करत. मला वाटलं, रागावल्या. मग म्हणाल्या, बरं. माझ्याकडे आहे तोवर नाही चुकणार." आप्पा खोकले. "चुकला का कधी?"

मी आठवून पाहिलं. पहिल्या वर्षी मला ताप आला होता, तेव्हा बाई संध्याकाळी वसतिगृहात आल्या होत्या, संत्री घेऊन, आणि "तुझं ते कुठं असतं, काढ" असं म्हणून मला उठवून बसवलं होतं. परगावच्या परिषदेत आमची भाषणं लांबली, तेव्हा त्यांनी अध्यक्षांना चिठ्ठी पाठवून चहाची सुट्टी मागितली होती, आणि आपल्याला चहाशिवाय डोकं दुखतं असं सांगितलं होतं. बाई चहा पीत नसत. तेव्हा मला ते योगायोग वाटले होते, देवाची कृपा वाटली होती. फडताळसुद्धा मी मागितलेलं नव्हतं.

"नाही, आप्पा," मी म्हटलं. "नाही चुकला."

त्या दिवशी मी बाईंना काही बोलले नाही. पूड गार करायला लावली, मग बाजूच्या खोलीत जाऊन निरांजन घासून पुसून ठेवलं, नवी फुलवात घातली. तूप मुद्दाम थोडं घातलं, वात लवकर शांत व्हावी इतकंच.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"एवढंसंच तूप?"

"पुरतं बाई एवढं. तुमचे गुडघे…"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी मान खाली घातली. मी पहाटे एसटीडी बूथवर जाऊन कुणाशी बोलले असेन, हे त्यांना कळायला वेळ लागला नसणार.

"भर नीट," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांसाठी तुझ्या आईच्या दिव्यात कंजूषपणा नको."

मी डबी उघडून तूप भरलं, काठापर्यंत.

"आणि फूल कसं ठेवतात ते सांग. काल उलटं होतं म्हणे."

"मी तसं काही म्हटलं नाही, बाई."

"तोंडानं नाही म्हटलंस."

मी दाखवलं. देठ खाली, पाकळ्या वर. त्यांनी मान हलवली, जशी एखादी नवी रीत शिकून घेताना हलवत. मग स्वतः काळी टोपी उचलली, काचतंतूवर दाबून बसवली, फिरवून पाहिली आणि मला म्हणाल्या, "तू बघ." मी पाहिलं. "फिलोमिना, तू बघ." फिलोमिनानं पाहिलं आणि म्हणाली, "लावली, आई."

"आज इथं लावणार नाही," बाई म्हणाल्या. "वर आवारात, त्या बेलाच्या झाडाखाली. या भिंतीपासून लांब. वाऱ्याला आडोसा म्हणून मोठं बीकर घेईन."

"बाई, जिना आहे."

"मला दिसतो जिना." त्यांनी मला पाण्याचं भांडं दिलं. "पी. परत पी. आणि दार लावून घे."

मी दार लावलं.

रेघ सपाट होती. दुपारभर सपाट, नंतरही सपाट. तोटीवर बोटं ठेवून मी पेनेची कुरकुर ऐकत होते. मग मन आपोआप उठून उभं राहिलं, आणि मला कळलं की बाहेर मावळतंय.

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. टोपीवर पुन्हा एकदा बोट फिरल्याचा टक असा आवाज आला. काडीपेटी हलवून पाहिली, भरलेली आहे ना म्हणून. फडताळाचं दार. काचेवर पितळ हलकंच वाजलं, म्हणजे निरांजन बीकरमध्ये ठेवलं असावं. मग चपला काढून भिंतीशी ठेवल्याचा आवाज. चपला कशाला काढल्या, असं माझ्या मनात आलं, आणि मग लगेच आलं की बेलाखाली दिवा लावायचाय म्हणून, आत्तापासूनच.

मी डोळे मिटले नाहीत. पेनेकडे पाहत नाव घेत राहिले. पेन सरळ जात होती, जराही वर नाही, जराही खाली नाही. आणि दारापलीकडे, अनवाणी, आधी बरा पाय, मग दुखरा, दोन्ही टेकले की मग पुढची पायरी, बाई जिना चढायला लागल्या होत्या.